औषधाची मच्छरदाणी अजून का वाटायची?

"डासांना औषध लागू पडत नाही म्हणतात, मग मच्छरदाण्यांसाठी देणगी कशाला?" असे मंडळीत मला बरेचदा विचारतात. प्रश्न रास्त आहे.

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. तिथे तो पसरवणाऱ्या डासांपैकी ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस मोठा चिवट. त्याने आधी डीडीटी पचवले, मग मॅलॅथिऑन. आता मच्छरदाणीतल्या पायरेथ्रॉइडलाही तो देशात अनेक ठिकाणी दाद देत नाही. त्याच्या शरीरातली एन्झाइम्स औषध मोडून टाकतात. म्हणून काही नव्या मच्छरदाण्यांत पीबीओ मिसळतात. ते डास मारत नाही, त्या एन्झाइम्सना अडवते, आणि जुन्या औषधाचा जोर बराचसा परत येतो. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा मच्छरदाण्यांना मान्यता दिली.

शिवाय औषध कमी पडले तरी कापड आडवे असतेच. मात्र ते फाटलेले नको, कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या हव्यात. मला जास्त काळजी वाटते ती वेगळीच. उकाड्यात माणसे अंगणात झोपतात, पीक राखायला शेतात मचाणावर जातात, आणि मच्छरदाणी घरातच राहते!

औषध साधारण वीस धुण्यांपर्यंत, तीनेक वर्षे टिकते. साधा साबण वापरावा, सावलीत वाळवावी. धुण्याचे पाणी ओढ्यात मात्र सोडू नये, मासे मरतात.

यापुढे वाटप करताना मच्छरदाणीबरोबर सुईदोरा आणि अंगणात टांगायला दोरीही द्यावी, असे माझे मत आहे.