हर्णैचा कोळीवाडा व तिथीची भरती

हर्णै (ता. दापोली, जि. रत्नागिरी) येथें इतिहासप्रेमी मंडळी जाते ती बहुधा सुवर्णदुर्ग पाहावयास. दरवाज्याच्या पायरीवरील कासव व तटावरील मारुति पाहून होडी परतते. पण ती होडी हांकणाऱ्या कोळ्यास कांहीं विचारावें असें क्वचितच कोणास सुचतें. आमच्या मतें ही संशोधनाची हानि आहे.

किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे तीन दुर्ग सुवर्णदुर्गाच्या पाठराखणीस होते. पैकीं फत्तेगडावर आज कोळ्यांची दाट वस्ती आहे. कोणी तिला अतिक्रमण म्हणोत. ज्यांच्यावांचून आरमार चाललें नसतें त्या जातीची ही वस्ती आम्हांस तटाइतकीच मोलाची वाटते.

तेथील शब्दच पाहा. 'नाखवा' हा फारसी नाखुदा. त्यांतील पूर्वपद संस्कृत 'नौ' शब्दाचें सगोत्र. 'सुकाणू' अरबी, 'बंदर' फारसी. प्रत्येक शब्दास ओढूनताणून संस्कृत धातु चिकटविण्याची आम्हां शास्त्री मंडळींची खोड येथें उपयोगी नाहीं.

परंतु खरें धन म्हणजे भरतीचें गणित. पक्षांतील तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा, दिवसा एकदां व रात्रीं एकदां. चंद्रोदय रोज सुमारें पाऊण तास लांबतो, त्याबरोबर भरतीहि सरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे मंद भरती. हें मान स्थूल आहे. वाऱ्यानें व खाडीच्या मुखानें थोडें अंतर पडतें.

आतां याचा उपयोग. इ. स. १७५५ च्या एप्रिलांत इंग्रज कमोडोर जेम्स यानें तुळाजी आंग्र्यापासून सुवर्णदुर्ग घेतला. पेशव्यांतर्फे रामाजी महादेव त्याच्या साह्यास होता. अशा मोहिमांचीं मराठी पत्रें तिथि घालून लिहिलेलीं असतात. ती तिथि आपण केवळ इसवी तारीख काढण्यास वापरतों. वस्तुतः तीच समुद्राची स्थितिहि सांगते. अष्टमीच्या पत्रांत 'दोनप्रहरीं भरतीवर गलबतें आंत नेलीं' असें आढळल्यास तिथि, प्रहर वा मजकूर यांपैकीं एक शंकास्पद समजावें. कारण त्या वेळीं तेथें ओहोटी असावयाची.

यंत्रहोड्यांमुळें शिडाच्या कामाचे शब्द तरुणांच्या तोंडून जात चालले आहेत; तिथीचा हिशेब वृद्धांस तोंडपाठ आहे. विचारावयास सकाळीं जावें, संध्याकाळच्या लिलावाच्या वेळीं जाऊं नये. तेव्हां वाळूवर मासळीच्या राशी पडलेल्या असतात व कोणास उसंत नसते.