अडलेलं पान : लेखांक ९ – किंग्ज क्रॉसच्या धुक्यात

मागच्या लेखांकात आपण हॅरी पॉटरबरोबर जंगलापर्यंत आलो होतो. ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’ या सातव्या आणि शेवटच्या कादंबरीचं ते चौतिसावं प्रकरण. हॅरी जादूची कांडी अंगरख्यात खोचून, निःशस्त्रपणे आपल्या वैऱ्यासमोर, व्होल्डेमॉर्टसमोर उभा राहतो. हिरवा प्रकाश चमकतो आणि प्रकरण संपतं. पुढचं, पस्तिसावं प्रकरण हे या मालिकेतलं सर्वांत जास्त अडणारं पान. २१ जुलै २००७ रोजी पुस्तक आल्यापासून वाचक एकच प्रश्न विचारत आले आहेत. हॅरी तिथे मेला होता का? ती जागा खरी होती, की बेशुद्धीत पडलेल्या मुलाचं स्वप्न? कळंबपासून उमरग्यापर्यंतच्या वाचकांच्या पत्रांतही हाच प्रश्न वारंवार आला, म्हणून आजचा पूर्ण लेखांक त्यालाच दिला आहे.

आधी त्या प्रकरणात काय काय आहे ते नीट पाहू. हॅरीला जाग येते तेव्हा तो उघड्या अंगाने पालथा पडलेला असतो. सभोवती उजळ धुकं असतं. अंगावर कपडे हवेत असं मनात येताच कपडे समोर येतात. चष्मा नसतो, पण त्याला स्वच्छ दिसतं. धुकं हळूहळू आकार घेतं आणि त्यातून लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकासारखी जागा तयार होते, मात्र चकचकीत आणि निर्मनुष्य. एका आसनाखाली सोललेल्या कातडीचं, लहान बाळासारखं काहीतरी कण्हत पडलेलं असतं. मग हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर येतात. ते आधीच्याच पुस्तकात मेलेले आहेत. शापाने काळा पडलेला त्यांचा हात इथे धडधाकट आहे. दोघं बसून बोलतात, डम्बलडोर आपल्या तरुणपणच्या चुका सांगताना रडतात आणि शेवटी हॅरीसमोर दोन वाटा राहतात. परत जायचं, किंवा गाडीत बसून पुढे जायचं.

आता पहिला अर्थ, ‘हे सगळं हॅरीच्या मनात घडतं’. त्याच्या बाजूने भक्कम पुरावे आहेत. जागा हॅरीच्या ओळखीची आहे, कारण जादूच्या शाळेत जाणारी गाडी त्याने पहिल्यांदा पकडली ती याच स्थानकावर. आपण कुठे आहोत हे डम्बलडोरच हॅरीला विचारतात आणि त्याचं उत्तर ऐकून त्यांना गंमत वाटते. म्हणजे तो देखावा हॅरीने आणलेला आहे. त्याच्या जागी आपल्याकडचं एखादं लेकरू असतं, तर धुक्यातून येडशीचा फलाट नाहीतर तुळजापूरचा एसटी स्टँड उभा राहिला असता. डम्बलडोर जे सांगतात, त्यातलंही बरंचसं हॅरीच्या मनात अर्धवट साठलेलं होतं. व्होल्डेमॉर्टने नवं शरीर मिळवताना हॅरीचं रक्त वापरलं ही गोष्ट चौथ्या पुस्तकातली. ती ऐकताना डम्बलडोरांच्या डोळ्यांत क्षणभर विजयाची चमक दिसल्याचं हॅरीने तेव्हाच टिपलं होतं. ती चमक कशाची होती, ते कोडं इथे सुटतं.

दुसरा अर्थ, ‘ती जागा खरोखर जीवन आणि मरण यांच्या मधली आहे’. याचाही पुरावा पुस्तकातच आहे आणि घाईत वाचणाऱ्यांकडून तोच निसटतो. छत्तिसाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला हॅरी जंगलातल्या जमिनीवर डोळे मिटून पडलेला असतो. तेव्हा त्याच्या ध्यानात येतं, की त्याच क्षणी व्होल्डेमॉर्टही कोसळला होता आणि त्याचे साथीदार त्याच्याभोवती घोळका करून उभे होते. दोघंही काही क्षण बेशुद्ध होते आणि दोघंही परतले. मग आसनाखाली कण्हणारं ते बाळ कोण? हॅरीच्या आत दडलेला व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा, असं अनेक वाचक धरून चालतात. पण तो तुकडा शापाने नष्ट झाला, असं डम्बलडोर स्पष्ट सांगतात. २००७ मध्येच वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना लेखिका जे. के. रोलिंग यांनी खुलासा केला, की ते बाळ म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या स्वतःच्या शरीरात उरलेला आत्म्याचा शेवटचा तुकडा. हॅरीचा आत्मा निरोगी, त्याचा खुरटलेला, आणि दोन्ही एकाच जागी पोहोचले होते. तसं असेल तर ती जागा एकट्या हॅरीच्या डोक्यातली राहत नाही.

मग हॅरी मेला होता का? डम्बलडोर ‘एकंदरीत नाही’ अशा अर्थाचं उत्तर देतात आणि कारणही सांगतात. हॅरीच्या आईने त्याच्यासाठी जीव दिला, त्या त्यागाचं संरक्षण त्याच्या रक्तात होतं. व्होल्डेमॉर्टने तेच रक्त स्वतःच्या देहात घेतलं. त्यामुळे तो जिवंत असेपर्यंत हॅरीची जगण्याशी असलेली गाठ सुटत नाही. शापाने मेला तो त्याच्यातला परका तुकडा. म्हणून हॅरी मरणाच्या उंबऱ्यावर होता, पलीकडे गेला नव्हता. कादंबरीच्या नियमांत बसणारं उत्तर एवढंच आहे आणि ते पुरेसं आहे.

तरीही प्रकरण अडतं. ते का, हे समजायला आपल्या घरचंच एक पान उघडावं लागेल. महाभारताचं अठरावं आणि शेवटचं पर्व म्हणजे स्वर्गारोहण. युधिष्ठिर स्वर्गात पोहोचतो तर समोर वैभवात बसलेला दुर्योधन दिसतो, भाऊ मात्र कुठेच नाहीत. तो त्यांना भेटायचं म्हणतो. देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीच्या, रक्तामांसाच्या चिखलाने भरलेल्या वाटेने नेतो. घाण सहन न होऊन तो मागे वळतो, तोच आवाज येतात. थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतं. तो विचारतो, तुम्ही कोण? उत्तर येतं, मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी. तेव्हा युधिष्ठिराच्या मनात येतं, मी जागा आहे की झोपेत? हा माझ्या चित्ताचा भ्रम तर नाही?

हॅरी शेवटी विचारतो, तोच हा प्रश्न. युधिष्ठिराला उत्तर मिळत नाही. ते न मिळताच तो ठरवतो, की मी इथेच राहणार. देवदूताला तो परत पाठवतो. त्यानंतर इंद्र येतो, अंधार विरतो आणि ते सगळं मायेने दाखवलेलं होतं हे कळतं. द्रोणांना अश्वत्थाम्याच्या बाबतीत फसवलं, त्यामुळे कपटानेच त्याला नरक पाहावा लागला. धर्म त्याला सांगतो, की ही तुझी तिसरी परीक्षा होती. पहिली यक्षाच्या प्रश्नांची, दुसरी कुत्र्याच्या सोबतीची.

नरक मायेचा होता, पण ‘मी इथेच राहणार’ हा निर्णय मायेचा नव्हता. व्यासांच्या त्या प्रसंगाचं सगळं वजन या निर्णयावर आहे. आता किंग्ज क्रॉसकडे परत पाहा. ‘हे खरं आहे की माझ्या मनात चाललंय’ हा प्रश्न हॅरी संवादाच्या अगदी शेवटी, जायला उठल्यावर विचारतो. तोवर परतायचं त्याने ठरवलेलं असतं, समोर पुन्हा वेदना आणि जवळच्यांचे मृत्यू आहेत हे माहीत असून. डम्बलडोर उत्तर देतात, की हे तुझ्या मनात आहेच, पण म्हणून ते खोटं का ठरावं? अनेकांना ही पळवाट वाटते. मला वाटत नाही. निर्णय आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम लेखिकेने विचारपूर्वक ठेवला आहे. जागेच्या खरेपणावर निर्णय अवलंबून नव्हता, हे त्या क्रमातून कळतं.

आपल्या भागात ही समज नवी नाही. दहाव्याच्या दिवशी तेरणेच्या काठावर पिंड ठेवला जातो आणि कावळा शिवत नाही, तेव्हा घरचे एकेक करून शब्द देऊ लागतात. धाकटीचं लग्न करू, कर्ज फेडू, म्हातारीला अंतर देणार नाही. कावळा मेलेल्याचं मन जाणतो की नाही, यावर वाद घालता येईल. पण चारचौघांत दिलेला शब्द पाळावाच लागतो. तेरच्या गोरोबाकाकांची कथाही अशीच आहे. महिपतींनी १७६२ च्या ‘भक्तविजया’त ती सांगितली आहे. लेकरू चिखलात तुडवलं गेलं, पुढे शपथेपायी काकांनी स्वतःचे हात तोडले आणि पंढरपूरच्या कीर्तनात हात परत आले, लेकरू रांगत आलं. तेरला काकांच्या समाधीपुढे उभा राहणारा वारकरी त्या चमत्काराचा पुरावा मागत बसत नाही. तो शब्द पाळणाऱ्या कुंभारापुढे वाकतो.

इथे चाणाक्ष वाचक एक आक्षेप घेईल आणि तो रास्त आहे. युधिष्ठिर कण्हणाऱ्यांपाशी थांबला, हॅरी मात्र कण्हणाऱ्या बाळाला सोडून निघाला. त्याला मदत करावीशी वाटली होती, पण तुला काही करता येणार नाही, असं डम्बलडोर म्हणाले. मग करुणा कुठे राहिली? उत्तर छत्तिसाव्या प्रकरणात आहे. अखेरच्या द्वंद्वात, सगळ्यांसमोर, हॅरी व्होल्डेमॉर्टला पश्चात्ताप करायला सांगतो. ही तुझी शेवटची संधी आहे, नाहीतर तुझं काय होणार ते मी पाहिलं आहे, असं तो बजावतो. ज्याने आईबापांना मारलं, त्या माणसाला तो वाचण्याची वाट दाखवतो. त्या वाटेची गरज त्याला कशी कळली? त्याने आसनाखालचं बाळ पाहिलं होतं. मला या प्रकरणाचा सर्वांत मोठा पुरावा हाच वाटतो. हॅरीने तिथे पाहिलेलं खरं मानलं आणि वैऱ्याच्या भल्यासाठी वापरलं.

दोन कथांमध्ये फरकही आहे. युधिष्ठिराची परीक्षा देवांनी मांडली होती आणि तो उतरला हे त्यांनीच सांगितलं. किंग्ज क्रॉसवर परीक्षक कोणी नाही. डम्बलडोर स्वतःच अपराधी आहेत, ते हॅरीची क्षमा मागतात. परत जा असं ते थेट म्हणत नाहीत. परतलास तर कमी जीव घायाळ होतील, कमी घरं मोडतील, एवढीच शक्यता मांडतात. आधुनिक कादंबरीत मरणोत्तर दरबार उरत नाही, निवाडा माणसावर येतो.

ख्रिस्ती धाग्याचाही उल्लेख करायला हवा. हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर नव्या करारातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातलं वचन कोरलं आहे. मृत्यू हा नष्ट होणारा शेवटचा शत्रू, असा त्याचा आशय. जानेवारी २०२० मध्ये आपल्या गावी भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मध्ये तो अध्याय मराठीतून वाचता येईल. हॅरी ते वचन पहिल्यांदा वाचतो तेव्हा त्याला ते पटत नाही, मृत्यूवर मात करणं हा तर व्होल्डेमॉर्टचा हट्ट, असं त्याला वाटतं. मृत्यूला न घाबरणं वेगळं आणि मृत्यू टाळण्यासाठी इतरांना मारणं वेगळं, हा भेद त्याला किंग्ज क्रॉसपर्यंतच्या वाटेवर उमगतो.

म्हणून माझा निष्कर्ष असा. हॅरी मेला नव्हता. ती जागा त्याच्या मनाने रंगवलेली होती, पण तिथे जे होतं ते केवळ मनाचं नव्हतं. आणि असं प्रकरण वाचताना जागेच्या खरेखोटेपणाहून मोलाचा प्रश्न हा, की माणसाने तिथे काय ठरवलं आणि परत येऊन काय केलं. ज्यांच्या घरी हे पुस्तक आहे त्यांनी या आठवड्यात पस्तिसावं आणि छत्तिसावं प्रकरण एका बैठकीत, सलग वाचावं. शक्य झालं तर मुलांना स्वर्गारोहण पर्वातली युधिष्ठिराची गोष्ट सांगावी आणि त्यांना काय वाटलं ते जरूर कळवावं. पुढच्या लेखांकात डम्बलडोर आणि ग्रिंडेलवाल्ड यांच्या तरुणपणच्या मैत्रीचा विचार करू.