रोजगार हमी म्हणजे दुष्काळी काम नव्हे

काशीतल्या दूधविनायकात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला मनरेगा ही दिल्लीची कल्पना वाटली, तर नवल नाही. खुद्द महाराष्ट्रातही अनेकांचा तोच समज आहे. दिल्लीचा कायदा 2005 चा. गावातल्या हातांना गावातच काम देण्याचा प्रयोग विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला सुरू केला होता.

त्यातून आलेल्या राज्याच्या रोजगार हमी योजनेला 'ही दुष्काळी कामंच, नाव तेवढं नवं,' असंही म्हटलं जातं. हा समज 1972 च्या दुष्काळातून आला आहे. सुकडी खाऊन खडी फोडल्याच्या आठवणी अजून घराघरांत आहेत, आणि 1973 च्या उन्हाळ्यात जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. पण दुष्काळी काम सरकारने टंचाई जाहीर केली तरच निघतं आणि पाऊस झाला की बंद होतं. अमेरिकेतही तसंच झालं. महामंदीत, 1935 साली, निघालेल्या वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने सुमारे 85 लाख लोकांना काम दिलं, लहान लहान गावांत रस्ते, पूल, शाळा उभ्या केल्या. 1943 मध्ये ती गुंडाळली गेली. तिथे कामावर हक्क कुणाचाच नव्हता. महाराष्ट्राने 1977 मध्ये तो कायद्यात लिहिला: काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेकारी भत्ता. माझ्या मते पाग्यांचं खरं मोठेपण इथे आहे.

पैसा फुकट वाटला, हे तर मुळीच खरं नाही. मजुरी कामाच्या मोजमापावर ठरायची. योजनेच्या खर्चासाठी 1975 मध्ये राज्यात व्यवसाय कर आला; नोकरदारांच्या पगारातून आजही दरमहा 200 रुपये कापले जातात, ते त्याचेच. शहराच्या पगारातून गावात पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले, 1990 पासून फळबागाही लागल्या. खोट्या हजेरीपटांची प्रकरणं झाली, गाळाने भरलेले तलावही आहेत. ते लपवू नये. पण त्यावरून सगळ्यालाच 'खड्डे खणा, खड्डे बुजवा' म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि ही पुरुषांची योजना होती, असं ज्यांना वाटतं, त्यांनी जुनी छायाचित्रं पाहावीत. डोक्यावर पाटी घेतलेल्या रांगेत बायाच बाया दिसतात. मोजलेल्या मातीला दर एकच होता, मग ती कुणीही उचललेली असो.