न दिसणारी वर्दी

तंजावरहून कुंभकोणमला जाणारा जुना रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांचा असून अय्यमपेट, पापनासम, दारासुरम अशी गावे मागे टाकीत, भातखाचरे व केळीच्या बागा यांच्या मधून, कावेरीच्या खोऱ्यातला तो एक रमणीय परंतु अरुंद मार्ग आहे. नवग्रहांच्या यात्रेस निघालेली महाराष्ट्रातील कुटुंबे या मार्गाने भाड्याच्या किंवा स्वतःच्या मोटारीतून जातात, आणि त्यांना हा मुलूख अगदीच परका वाटत नाही. कारण बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथेच झाला, आणि रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसले राजांनी याच प्रदेशात ठिकठिकाणी छत्रे उभारून वाटसरूच्या मुक्कामाची व भोजनाची तजवीज केली होती. अशा रस्त्यावर, समोरून राज्य परिवहनाची बस भरधाव येत असता व कडेने मोपेडी जात असता, मागील एखादी मोटार आपल्या मोटारीच्या पाठीस चिकटते, तिचे दिवे एकसारखे अप्पर-डिप्पर होऊ लागतात, भोंगा थांबत नाही, आणि आरशात पाहावे तो तिच्या काचेवर ‘पोलीस’ अशी अक्षरे व चाकामागे बारीक केस कापलेला, साध्या वेशातील इसम दिसतो. तेव्हा चालकाच्या मनात जी भीती उत्पन्न होते ती दुहेरी असते. एक धडकेची, दुसरी सत्तेची. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो मुख्यतः दुसरीचा, कारण पहिलीवर जो साधा उपाय उपलब्ध आहे तो या दुसरीमुळे माणसास सुचत नाही.

धडकेचा हिशेब सरळ आहे. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात बावीस मीटर अंतर कापते; पुढच्या गाडीचे तांबडे दिवे लागल्याचे डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकासही सेकंद-दीड सेकंद लागतो, म्हणजे तीसेक मीटर अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपते. मग दहा मीटरांवरून मागे येणारा चालक कितीही कुशल असला तरी त्याचे कौशल्य या गणितापुढे निरुपयोगी ठरते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. अपघातांच्या प्रकारांत त्या वर्षी सर्वांत मोठा वाटा मागून बसणाऱ्या धडकेचा होता, आणि अपघातांच्या संख्येत राज्यांमध्ये पहिला क्रमांक तमिळनाडूचा होता.

यावर करावयाचे ते इतकेच की वेग हळूहळू कमी करावा, डावा दर्शक दिवा लावावा, जागा मिळताच कडेस होऊन मागच्यास जाऊ द्यावे, आणि पुढील मोकळे अंतर एरवीपेक्षा वाढवावे, म्हणजे आपणांस एकाएकी ब्रेक लावण्याचा प्रसंगच येणार नाही. त्यास धडा शिकवावा म्हणून मुद्दाम ब्रेक दाबणे हा निव्वळ अविचार होय. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. तरीही मागचा इसम पोलीस असल्याची शंका आली की कोणी घाबरून वेग वाढवतो, कोणी उलट, ‘पोलीस असला म्हणून काय झाले’ या त्वेषाने रस्ता अडवून धरतो, आणि कोणी निर्मनुष्य जागी गाडी उभी करून खाली उतरतो. या तिन्ही कृतींमागे समजूत एकच असते, ती ही की मागे गाडी नसून सरकार आहे.

कायद्याचे म्हणणे मात्र निराळे आहे. पुढील वाहन एकाएकी थांबले तरी टक्कर होऊ नये इतके अंतर राखावे, हा नियम १९८९ च्या रस्ता-विनियमांत होता व २०१७ मध्ये आलेल्या नव्या विनियमांतही कायम आहे; पोलिसास, तो साध्या वेशात आपल्या खाजगी गाडीतून घरी चालला असता, त्यातून कोणतीही सूट नाही. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम २२ मध्ये प्रत्येक पोलीस अंमलदार सदैव कामावर आहे असे समजावे, असे शब्द आहेत, आणि त्याच तत्त्वाचा आधार घेऊन काही मंडळी आपला रुबाब रजेच्या दिवशीही मिरवतात. परंतु सदैव कर्तव्यबद्ध असणे आणि सदैव नियममुक्त असणे यांत जे अंतर आहे ते त्या कलमाने कधीही पुसलेले नाही. उलट २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम २१०-ब आले व त्याने असे ठरवले की, हा कायदा अंमलात आणण्याचा ज्यास अधिकार आहे त्यानेच तो मोडल्यास त्यास दुप्पट शिक्षा व्हावी. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दिल्लीच्या वाहतूक पोलिसांनी आपल्या कर्मचाऱ्यांस लेखी बजावले की, वाहन सरकारी असो वा खाजगी, नियमभंगाचा दंड दुप्पट भरावा लागेल. धोकादायक रीतीने वाहन हाकण्याबद्दल कलम १८४ अन्वये पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितलेली आहेत. त्याची दुप्पट किती होते याचा हिशेब त्या चिकटणाऱ्या इसमाने एकदा करून पाहावा.

तथापि भीती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस होत नाही, कारण या रस्त्याने तंजावर ओलांडून तिरुचिरापल्लीकडे गेले की तुवाकुडी लागते, आणि तेथे ७ मार्च २०१८ रोजी घडलेला प्रकार त्या मुलखात अद्याप विसरला गेलेला नाही. शिरस्त्राण नसल्याबद्दल अडवलेले एक जोडपे न थांबता पुढे गेले. कामावर असलेल्या एका वाहतूक निरीक्षकाने दुचाकीवरून त्यांचा पाठलाग केला. त्याने त्यांच्या गाडीस लाथ मारली असा आरोप झाला. गाडी कोसळून स्त्रीचा प्राण गेला. हजारो लोकांनी महामार्ग रोखून धरला, आणि त्या निरीक्षकास अटक झाली. या घटनेतील अंमलदार वर्दीत व कामावर होता, आपल्या विषयातील इसम तसा नाही. परंतु पाठलाग करणाऱ्याचा क्रोध आणि पळणाऱ्याचे भय एकत्र आले म्हणजे क्षुल्लक निमित्तातून काय उद्भवते, हे तेथे दिसले. पळू नये, हा सल्ला म्हणूनच नीतीचा नाही, जीव वाचविण्याचा आहे.

आता काचेवरील त्या अक्षरांविषयी. ती अक्षरे कोणीही बाजारातून विकत आणून चिकटवू शकतो, आणि पोलिसाचा मेहुणाही ती चिकटवतो. २०२४ च्या उन्हाळ्यात चेन्नईच्या वाहतूक पोलिसांनी खाजगी वाहनांवरील अशा पदनिदर्शक चिकटपट्ट्या काढून टाकण्याचा हुकूम काढला, त्याअर्थी हा रोग त्यांच्याही नजरेस आला असावा. तमिळनाडूत सरकारी वाहनांच्या क्रमांकात बहुधा ‘जी’ हे अक्षर असते; ते नसलेल्या व टीएन ६८, म्हणजे कुंभकोणमच्या परिवहन कार्यालयाचा, साधा क्रमांक असलेल्या मोटारीवरील ‘पोलीस’ हा शब्द फार तर मालकाची हौस दाखवतो. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या आधारे काही करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मागच्याने पुढे येऊन थांबण्याची खूण केली तर काय करावे, हा खरा नाजूक प्रश्न. परवाना पाहण्यास मागण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० ने वर्दीतील पोलिसास दिलेला आहे, हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. साध्या वेशातील अंमलदारास अन्य गुन्ह्यांत अटकेचे अधिकार असू शकतात, म्हणून हुज्जत घालू नये; परंतु दारे आतून बंद ठेवून, काच चार बोटे खाली करून, ओळखपत्र दाखवण्याची विनंती अवश्य करावी. अटक करणाऱ्याने नाव स्पष्ट दिसेल असे ओळखचिन्ह धारण करावे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच सांगितले आहे. त्याहून उत्तम हे की थांबूच नये. सहप्रवाशाने ११२ क्रमांकावर स्थळ व गाडीचा नंबर कळवावा, आणि आपण वेग न वाढवता पापनासमचे किंवा कुंभकोणमचे पोलीस ठाणे, निदान माणसांनी गजबजलेला पेट्रोल पंप किंवा बसस्थानक गाठावे. मुक्कामाच्या ठिकाणी मात्र त्यास आपल्या मागे नेऊ नये.

फिर्याद लिहिताना पुष्कळांचे जे चुकते ते येथे सांगितले पाहिजे. ‘एका पोलिसाने मला छळले’ असे लिहिताच ती फिर्याद दुबळी होते, कारण तो पोलीस होता हे आपणांस ठाऊक नसते. आपण पाहिलेली असते ती एक मोटार, तिचा क्रमांक, तिचा रंग, काचेवरील अक्षरे, वेळ, आणि कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत ती चिकटून होती ते अंतर. तेवढेच लिहावे, समोरच्या काचेवर कॅमेरा बसवलेला असल्यास त्याचे चित्रण जोडावे, आणि मालक कोण, तो खात्यात आहे की नाही, हे शोधण्याचे काम दफ्तराकडे सोपवावे. ठाण्याने नोंद नाकारल्यास तंजावरच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, व तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे. मालक खात्यातलाच निघाला तर आणखी एक मार्ग आहे: सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात प्रत्येक राज्यात व जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापण्यास सांगितले होते. तमिळनाडूने २०१३ मध्ये त्यासाठी कायदा केला. पण जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांस व राज्य प्राधिकरणाचे गृहसचिवांस दिले. ज्या शासनाच्या हाताखाली पोलीस नांदतात त्याच शासनाच्या अधिकाऱ्यांनी त्यांचा न्याय करावा, ही योजना न्यायालयाच्या मनातील स्वतंत्र प्राधिकरणाशी फारशी जुळत नाही. तथापि तेथे दिलेल्या अर्जाची पोच मिळते, आणि पोच हा दस्तऐवज आहे.

यात्रेकरूस तेथे थांबण्यास सवड नसते, ही अडचणही आता पूर्वीइतकी मोठी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवल्यास तीन दिवसांच्या आत तीवर सही करावी लागते, आणि नोंदीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. म्हणजे कुंभकोणमच्या रस्त्यावरील निष्काळजी व भरधाव हाकण्याची फिर्याद परतल्यावर पुण्याच्या किंवा कोल्हापुराच्या ठाण्यातही देता येते, आणि ती तिकडे रवाना करणे हे त्या ठाण्याचे काम आहे.