बळी आणि मुक्ति

ख्रिस्ताच्या मरणाला ‘बळी’ कां म्हणतात हें कळण्यासाठीं यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस पाहावा लागतो. लेवीय ग्रंथाच्या १६ व्या अध्यायांत दोन बकरे आहेत. एकाचें रक्त परमपवित्रस्थानीं शिंपडीत. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून मुख्य याजक लोकांचीं पापें कबूल करी व मग तो रानांत सोडला जाई. दरवर्षीं हेंच! ‘इब्री लोकांस पत्रा’चा लेखक नेमका येथें अडतो: पुनःपुन्हां करावें लागणारें प्रायश्चित्त पुरें कसें? ख्रिस्ताचें अर्पण मात्र एकदांच. १०९८ च्या सुमारास अँसेल्मनें पाप म्हणजे देवाच्या मानाचें ऋण ठरविलें. हिशेब चोख, पण रुक्ष. आबेलार्डला निर्दोषाच्या रक्ताची मागणीच क्रूर वाटली. त्या मरणांत प्रकटलेली प्रीति माणसाला पापाच्या दास्यांतून सोडविते, व तो भयानें नव्हे, प्रेमानें वागूं लागतो, असें त्याचें म्हणणें.