यवतमाळ ते बिबवेवाडी : मेनोनाइट आणि एक सेमिनरी

युनियन बिब्लिकल सेमिनरी हे ईश्वरविद्येचे विद्यालय 1953 साली यवतमाळात उभे राहिले आणि 1983 मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आले. ते कोणा एका पंथाचे नाही. ते चालवण्यात अनेक मंडळ्यांचा हात आहे आणि त्यांत मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोकही आहेत. महाराष्ट्रात मेनोनाइट हे नाव फारसे कानावर पडत नाही. छत्तीसगडातील धमतरीत मात्र त्यांचे काम 1899 च्या दुष्काळकाळात सुरू झाले.

या पंथाचे मूळ झुरिकमध्ये आहे. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेने घ्यावा, तान्ह्या बाळाला देऊ नये, या आग्रहाने 1525 मध्ये काहींनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. म्हणून ते ‘अ‍ॅनाबाप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे. याची शिक्षा भयंकर होती : त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झला 1527 मध्ये लिमात नदीत बुडवून मारले. पुढे मेनो सिमन्स या डच धर्मगुरूने 1536 मध्ये कॅथलिक चर्च सोडले. विखुरलेल्या अनुयायांना त्याने सावरले, त्याचेच नाव पंथाला लागले. शस्त्र न धरणे, ही त्यांची सर्वांत अवघड शिकवण.