यंत्र लावूनहि शीण कां उरतो?

नागपुरांतील एखाद्या मध्यमवर्गीय घराची कल्पना करावी. गृहस्थांचें वय पन्नाशीपलीकडे, नोकरी बैठी. वर्षापूर्वीं त्यांच्या घोरण्याला कंटाळून घरच्यांनीं त्यांना तज्ज्ञांकडे नेलें. अंगाला तारा लावून एका रात्रीची झोप तपासण्यांत आली, 'स्लीप ॲप्निया' हें नांव कळलें, आणि बरेच पैसे मोजून 'सीपॅप' नांवाचें यंत्र घरीं आलें. घोरणें पहिल्याच रात्रीं थांबलें. शेजारच्या खोलींतील माणसांनाहि शांत झोप लागूं लागली. परंतु ज्यांच्यासाठीं एवढा खटाटोप केला ते गृहस्थ सकाळीं उठतात ते रात्रभर ओझीं वाहिल्यासारखे. दुपारीं तीनच्या सुमारास कचेरींत समोरचीं अक्षरें पुसट होतात. घरीं पत्नी विचारते, "अहो, आतां यंत्रहि लावतां, मग हा आळस कसला?" या प्रश्नांत थोडा राग आहे, पुष्कळ काळजी आहे, आणि एक चुकीची समजूतहि आहे.

समजूत अशी कीं, रोग एक, त्याचा उपाय एक, आणि उपाय लागू पडला म्हणजे शीण गेलाच पाहिजे. न गेल्यास एक तर यंत्र खोटें, नाहीं तर माणूस आळशी. पुष्कळ घरांत यंत्र कपाटावर जाऊन बसतें तें याच तर्कामुळें. म्हणून यंत्राचें काम नेमकें किती, हें आधीं पाहिलें पाहिजे.

जागेपणीं घशाचे स्नायु नकळत ताठ राहून श्वासाची वाट मोकळी ठेवतात. झोप लागली कीं ते सैल पडतात. कोणाची मान आंखूड व जाड असते, कोणाचा जबडा मागें असतो, कोणाचें वजन वाढलेलें असतें. अशा माणसाची घशांतील वाट ओल्या कापडी नळीप्रमाणें आंत ओढली जाऊन मिटते. छाती हलत राहते, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदूला धोक्याची सूचना मिळते, आणि तो निजलेल्या माणसाला क्षणभर जागें करतो. मोठा घोर काढून श्वास पुन्हां सुरू होतो. श्वास निदान १० सेकंद बंद पडला किंवा फार उथळ झाला म्हणजे तो एक खंड मोजावयाचा, अशी डॉक्टरांची रीत आहे. तासाला असे ५ पेक्षां कमी खंड असले तर चिंता नाहीं. ३० किंवा अधिक झाले कीं विकार तीव्र समजतात. तीव्र विकार असलेल्याची झोप सात तासांच्या रात्रींत दोनशेंहून अधिक वेळां मोडते, आणि सकाळीं त्याला त्यांतली एकहि वेळ आठवत नाहीं. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून हंसणें सोपें. पण हा मनुष्य कुंभकर्णाच्या अगदीं उलट आहे. तो झोपलेला दिसतो, झोपलेला नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्यें संगीतकार बप्पी लाहिरी यांचें मुंबईंत निधन झालें, त्या वेळीं त्यांच्या आजारांत या विकाराचें नांव वर्तमानपत्रांत आलें, आणि घोरणें ही केवळ थट्टेची बाब नाहीं हें अनेक घरांस तेव्हां प्रथम उमगलें.

पूर्वीं अशा गंभीर रोग्याच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करून देणें हाच मुख्य उपाय होता. ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनीं त्याऐवजीं नाकावाटे हवेचा मंद पण अखंड दाब देऊन पाहिला. घशाची वाट हवेनेंच आंतून तोलून धरावी, ही साधी कल्पना. पांच रोग्यांवरील त्यांचा अनुभव १९८१ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला, आणि आज घरोघरीं दिसणारें यंत्र त्यांतूनच पुढें आलें. त्याचा दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. म्हणजे यंत्र घशाची वाट उघडी धरतें. तें झोप आणीत नाहीं, रक्त वाढवीत नाहीं, मनावरचें ओझें उतरवीत नाहीं. छपराची गळती बंद केली म्हणून भिंतीला आधीं लागलेली ओल त्याच दिवशीं वाळत नाहीं, आणि नळ फुटला असेल तर ती मुळींच वाळणार नाहीं.

तेव्हां शीण उरला असतां पहिला प्रश्न तासांचा. यंत्र किती तास लावलें, हें तें स्वतःच नोंदून ठेवतें. तो आंकडा पाहावा. अमेरिकेंतील सरकारी विमा-योजनेनें रोज ४ तास, आणि तेंहि शेंकडा ७० रात्रीं, असा किमान उपयोगाचा नियम घालून दिला. हा हिशेब पैसे देण्या-न देण्याचा आहे, विश्रांतीचा नव्हे; परंतु तो सर्वत्र इतका पसरला कीं चार तास लावलें म्हणजे कर्तव्य झालें असें अनेकांस वाटतें. अनुभव असा कीं, उपयोग जसजसा सहा-सात तासांकडे जातो तसतशी दिवसाची हुशारी वाढते. त्यांत आणखी एक मेख आहे. स्वप्नें पडणारी झोप रात्रीच्या उत्तरार्धांत अधिक असते, आणि त्याच झोपेंत स्नायु सर्वांत सैल पडून बहुतेकांचा श्वास अधिक अडतो. पहाटे तीनला पाणी पिण्यास उठून मास्क बाजूला ठेवणारा मनुष्य हिशेबानें अर्धी रात्र सांभाळतो, पण नेमका वाईट अर्धा भाग तसाच सोडून देतो.

नागपुरासारख्या गांवीं दुपारचाहि विचार केला पाहिजे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत गेला, रस्ते ओस पडले, कूलर घरघरूं लागला, कीं सारें घर आडवें होतें. ही वामकुक्षी कोणी यंत्र लावून घेत नाहीं. घसा तर घड्याळ पाहून मिटत नाहीं! दोन तासांच्या अशा झोपेनंतर डोकें जड होऊन उठावें, आणि त्या झोपेमुळें रात्रीची झोप अकराची एकवर जावी, हा दुहेरी तोटा आहे. दुपारीं पडावयाचें तर वीस मिनिटें पडावें, आणि अधिक झोप घ्यावयाची असल्यास मास्क लावावा. उन्हाळ्याच्या रात्रीं वीज गेली कीं यंत्र बंद पडतें. घरांत इन्व्हर्टर असेल तर त्याची एक जोडणी पलंगापाशीं आणून ठेवावी.

दुसरा प्रश्न दाबाचा व गळतीचा. सकाळीं तोंडास कोरड पडत असेल तर तोंड उघडें राहून हवा निसटत आहे, असा संशय घ्यावा. मास्कची गादी झिजते, दाढी वाढते, नाक चोंदतें. थंडीच्या रात्रीं नळींत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो व झोप मोडते. या बारीकसारीक गोष्टी डॉक्टरांस सांगण्याचा संकोच वाटतो, परंतु बहुतेकांचें दुःख येथेंच असतें. यंत्राच्या पडद्यावर दर तासाच्या खंडांचा आंकडा दिसतो. तो पांचाच्या वर राहत असेल तर दाब पुन्हां ठरवून घ्यावा लागतो. कांहीं रोग्यांत घसा उघडला तरी मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा मधून मधून चुकूं लागते. हा प्रकार यंत्र सुरू केल्यावरच दिसूं लागतो, पुष्कळदां कांहीं महिन्यांत मावळतो, पण न मावळल्यास यंत्राचा प्रकार बदलावा लागतो.

तास पुरे, गळती नाहीं, आंकडा उत्तम, आणि तरीहि शीण आहेच. येथें खरी परीक्षा सुरू होते, आणि येथेंच पुष्कळ लोक थांबतात. प्रथम शब्द नीट वापरावे. झोप येणें निराळें, थकणें निराळें. एकाला खुर्चींत बसतांच डुलकी लागते. दुसऱ्याला पडूनहि झोप येत नाहीं, पण जिना चढवत नाहीं. दोघेहि डॉक्टरांस सांगतात कीं, "फार थकवा आहे." मेलबर्न येथील डॉ. मरे जॉन्स यांनीं १९९१ सालीं आठ प्रश्नांची एक पट्टी तयार केली: वाचतांना, दूरदर्शन पाहतांना, जेवणानंतर स्वस्थ बसले असतां, गाडींत प्रवासी म्हणून बसले असतां, अशा आठ प्रसंगीं डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन गुण द्यावयाचे. बेरीज चोवीसपैकीं दहाच्या वर गेली तर झोप प्रमाणाबाहेर आहे असें समजावें. हीं उत्तरें पतिपत्नींनीं वेगवेगळीं लिहून मग ताडून पाहिलीं तर मौज वाटेल. डुलकी घेणाऱ्याला ती बहुधा ठाऊकच नसते.

बेरीज थोडी आणि थकवा फार असेल तर शोध घशाबाहेर करावा. रक्तांत हिमोग्लोबिन किती, लोहाचा सांठा किती, थायरॉईड मंद आहे काय, साखर कशी आहे, हें पाहावें. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्व वारंवार कमी आढळतें. विदर्भांत सिकलसेलचा विकार पुष्कळ कुटुंबांत आहे. घराण्यांत तो असल्यास न विचारतांहि डॉक्टरांस सांगावें. रात्रीं अंथरुणावर पडतांच पाय वळवळतात, हलविल्यावांचून चैन पडत नाहीं, अशी तक्रार असेल तर तीहि सांगावी. लोहाच्या उणिवेनें ती वाढते आणि झोप पोखरते. मग औषधांचा डबा उघडावा. सर्दीची सेटिरिझिनसारखी गोळी, चिंतेवरची वा झोपेची गोळी, मज्जातंतूंच्या दुखण्यावरची गोळी, रक्तदाबावरचीं कांहीं औषधें, यांपैकीं एखादें दिवसा मरगळ आणतें. मात्र तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत. आणि मनाची उदासीनता! कशांतच रस वाटेनासा झाला, पहाटे जाग येऊन वाईट विचार येऊं लागले, तर तो आजारच आहे व त्याला उपाय आहेत. सुशिक्षित घरें साखरेबद्दल मोकळेपणानें बोलतात आणि याबद्दल गप्प बसतात, हें कांहीं शहाणपणाचें लक्षण नव्हे.

एवढें सर्व धुंडाळूनहि कांहींजण उरतात. यंत्र नीट वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा दहाच्या आसपास लोकांची दिवसाची झोप पूर्णपणें जात नाहीं, असें निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळलें आहे. उंदरांवरील प्रयोगांत रक्तांतील प्राणवायु दीर्घकाळ वारंवार खालींवर केला असतां मेंदूंतील जागेपण राखणाऱ्या पेशींना इजा झालेली दिसली. माणसांतहि तसेंच होतें हें सिद्ध झालेलें नाहीं, पण वर्षानुवर्षें न ओळखला गेलेला विकार मागें कांहीं खूण ठेवीत असावा, हा तर्क निराधार नाहीं. तात्पर्य, या माणसांचा शीण खरा आहे. त्यांना आळशी म्हणणें अन्याय तर आहेच, शिवाय तें धोक्याचेंहि आहे. कारण बोलणीं खाऊन मनुष्य तक्रार करणें सोडतो, तक्रारीबरोबर डॉक्टरहि सोडतो, आणि शेवटीं यंत्रहि सोडतो. यंत्र सोडल्यावर शीण तर दुणावतोच, रक्तदाबाचें भयहि परत येतें.

अशांसाठीं जागें ठेवणारीं औषधें आहेत. मोडाफिनिल व आर्मोडाफिनिल हीं त्यांतील जुनीं. अमेरिकेंत मोडाफिनिलला या कामीं मान्यता आहे. युरोपच्या औषध-नियामक संस्थेनें मात्र २०१० सालीं लाभापेक्षां धोका अधिक ठरवून या विकारांतील त्याचा उपयोग मागें घेण्याची शिफारस केली. जाणत्यांत असा मतभेद असतां दुकानांतून परस्पर गोळी आणणें किती अविचाराचें, तें उघड आहे. या गोळ्यांनीं रक्तदाब वाढूं शकतो, मोडाफिनिल-आर्मोडाफिनिलनें संततिनियमनाच्या गोळ्यांचा गुण कमी होतो, आणि यंत्राची जागा तर कोणतीहि गोळी घेत नाहीं. चहा-कॉफीनें तास-दोन तास निभावतात. दुपारनंतरची कॉफी मात्र रात्रीं वसुली करते. सकाळचें ऊन व चालणें यांचा गुण अधिक टिकतो. अंबाझरीच्या तलावाकडे पहाटे चालणाऱ्यांत असे रोगी असतील, तर वजन उतरलें नाहीं म्हणून त्यांनीं निराश होऊं नये. नियमित व्यायामानें वजन तेवढेंच राहूनहि दिवसाची झोप उणावते. अवघड काम सकाळच्या ताज्या वेळीं, सहीशिक्क्याचें दुपारीं, अशी दिवसाची मांडणी करणें हाहि उपचाराचाच भाग समजावा.

एका बाबतींत मात्र सवलत नाहीं. नागपूरहून मुंबईला जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग सरळ व एकसुरी आहे. तासाला १२० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत ३३ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १३० मीटरांहून अधिक अंतर सुकाणूवर कोणीच नाहीं. पहाटे दोन ते सहा आणि दुपारीं दोन ते चार या वेळा सर्वांनाच वाईट. ज्याची पट्टीवरील बेरीज दहाच्या वर आहे त्यानें तर अशा वेळीं गाडी हातीं घेऊंच नये. काच उघडणें, गाणीं मोठ्यानें लावणें, तोंडावर पाणी मारणें, यांनीं झोप जात नाहीं, फक्त लपते. सुरक्षित थांब्यावर गाडी उभी करून पंधरा-वीस मिनिटें निजावें, किंवा सुकाणू दुसऱ्याच्या हातीं द्यावें. ही गोष्ट पतीला सुचविणें पुष्कळ घरांत पत्नीला जड जातें. तरी तिनेंच ती बोलली पाहिजे, कारण शेजारच्या आसनावरून पापणी मिटतांना तिलाच दिसते.

ज्या श्रोत्यांच्या घरीं हें यंत्र आहे त्यांनीं पुढच्या भेटीपूर्वीं दोन आठवडे एक वही ठेवावी. निजण्याची व उठण्याची वेळ, यंत्राचे तास, पडद्यावरचा आंकडा, दुपारची झोप, चहा-कॉफीचे कप, घेतलेल्या गोळ्या, आणि दिवसांतली सर्वांत वाईट घटका कोणती, एवढेंच तींत लिहावें. डॉक्टरांसमोर बसल्यावर "थकवा आहे" या दोन शब्दांपुढें मनुष्याला बहुधा कांहीं आठवत नाहीं. वही पुढें केली म्हणजे प्रश्न विचारण्याचें काम तीच करते. आणि त्या भेटीला पत्नीनेंहि बरोबर जावें.